दंडाच्या पट्ट्याला न कळणारं बीपी

दंडाला पट्टा गुंडाळून, त्यात हवा भरून आपण जे बीपी मोजतो ते हृदयाच्या डाव्या बाजूचं असतं. डावा कप्पा रक्त ढकलतो, ते मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जातं आणि त्या वाटेवरचा दाब यंत्र १२०/८० असा दाखवतं. पण हेच रक्त परत आल्यावर उजव्या बाजूने फुप्फुसांत जातं, तिथे ऑक्सिजन घेतं आणि मग डावीकडे येतं. या दुसऱ्या, आखूड फेरीचं स्वतःचं वेगळं बीपी असतं. दंडावर ते कळायला काही मार्ग नाही. दंडावरचं बीपी अगदी उत्तम असताना फुप्फुसांतलं बीपी दुप्पट-तिप्पट झालेलं असू शकतं, आणि अशा माणसाला 'तुमचं बीपी नॉर्मल आहे' असं सांगितलं जातं. सांगणारा खोटं बोलत नसतो. मोजमापच दुसऱ्या जागेचं असतं.

निरोगी माणसाच्या फुप्फुसांच्या धमनीतला दाब साधारण २५/१० असतो. सरासरी काढली तर पाऱ्याच्या १४ मिलिमीटरच्या आसपास. बाकी शरीराच्या धमन्यांत हीच सरासरी नव्वदच्या पुढे असते. रक्त मात्र दोन्हीकडे तेवढंच, आराम करत असताना मिनिटाला सुमारे पाच लिटर. एवढ्याशा दाबावर एवढं रक्त वाहतं, कारण पाटाचं पाणी असंख्य वाफ्यांत सोडावं तसं ते फुप्फुसांत पसरतं. तिथे तीस कोटींच्या घरात वायुकोश आहेत आणि प्रत्येकाभोवती बारीक केशवाहिन्यांची जाळी आहे. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. दाब जास्त असता तर रक्तातलं पाणी पाझरून वायुकोशांत उतरलं असतं, म्हणून इथला दाब कमीच राहायला हवा.

आणखी एक सोय आहे. आपण बसलेलो असताना फुप्फुसांतल्या बऱ्याच बारीक वाहिन्या मिटलेल्या असतात. जिना चढायला लागलो, रक्त तिप्पट-चौपट वाहू लागलं, की त्या उघडतात आणि दाब फारसा चढत नाही. फुप्फुसांचं बीपी वाढण्याचा आजार आधी या राखीव वाहिन्या खातो. त्यामुळे सुरुवातीला माणूस बसल्या जागी अगदी ठणठणीत असतो. चढावर, जिन्यावर, कपडे धुऊन बादली उचलताना तेवढी धाप लागते. या आजाराची खरी अडचण इथूनच सुरू होते, कारण 'दम लागतो' ही तक्रार आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही. वय झालं, वजन वाढलं, अंगात रक्त कमी आहे, चालायची सवय राहिली नाही, अशी उत्तरं घरातच तयार असतात. दवाखान्यात गेलं तर दम्याचा पंप मिळतो. बाई तरुण असेल तर 'टेन्शन घेऊ नका' हे वरून. यातलं प्रत्येक कारण कधी ना कधी खरंही असतं, त्यामुळे पुढे शोध घेतला जात नाही आणि निदानाला दोन-दोन वर्षं सहज लागतात.

तेवढ्या काळात सगळा भार उजव्या कप्प्यावर पडत असतो. डाव्या कप्प्याची भिंत जाड, जोर लावायला घडलेली. उजव्याची तिच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी, कमी दाबावर भरपूर रक्त पुढे सरकवण्यापुरती. समोरचा दाब हळूहळू वाढला तर ती जाड होत जाते, काही काळ निभावून नेते, मग कप्पा फुगतो आणि थकतो. रक्त मागे तुंबायला लागतं. मानेची शीर फुगलेली दिसते, यकृत सुजून उजव्या बरगडीखाली दुखतं, संध्याकाळी पावलांवर सूज येते, पुढे पोटात पाणी होतं. जिना चढताना किंवा धावताना चक्कर येऊन पडणं हे या सगळ्यांत गंभीर लक्षण. श्रमात स्नायूंकडच्या वाहिन्या रुंदावतात, त्यांना जास्त रक्त हवं असतं. पण फुप्फुसांतूनच पुरेसं रक्त पलीकडे जात नाही, डावा कप्पा रिकामा राहतो आणि मेंदूकडचा दाब क्षणात कोसळतो. श्रम करताना शुद्ध हरपली असेल तर लिंबूपाणी पाजून तो विषय संपवू नये. त्या माणसाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, व्हायलाच हवा.

फुप्फुसांतलं बीपी वाढलंय हे कळलं की पहिला प्रश्न 'किती?' असा विचारला जातो. त्याहून मोठा प्रश्न 'कशामुळे?' हा आहे. डॉक्टर या आजाराचे पाच गट करतात आणि एका गटाला तारणारं औषध दुसऱ्या गटाला मारक ठरू शकतं.

सगळ्यांत जास्त रुग्ण ज्या गटात आहेत, तिथे फुप्फुसांच्या धमन्यांचा मूळ दोष नसतोच. डावं हृदय कमकुवत किंवा ताठर झालेलं असतं, ते येणारं रक्त सामावून घेत नाही, आणि दाब मागे फुप्फुसांत चढतो. वर्षानुवर्षं वाढलेलं दंडावरचं बीपी, मधुमेह, लठ्ठपणा यांनी हृदय ताठर होतं. भारतात आणखी एक जुनं कारण आहे: लहानपणी घसा दुखून आलेला संधिवाताचा ताप. त्यात डाव्या बाजूची झडप चिकटून अरुंद होते आणि पंधरा-वीस वर्षांनी, पुष्कळदा गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढल्यावर, बाईला उताणं झोपता येईनासं होतं. अशा झडपेचं तोंड जांघेतून नेलेल्या फुग्याने उघडता येतं. जपानच्या कांजी इनोउए यांनी १९८०च्या दशकात हा फुगा आणला. झडप उघडली की फुप्फुसांतला दाब तिथल्या तिथे उतरू लागतो. इथे धमन्या रुंद करणाऱ्या गोळ्या चालवल्या तर फुप्फुसांत रक्त जोरात शिरेल आणि पुढे वाट नसल्याने पाणी भरेल.

दुसरं मोठं कारण फुप्फुसांचेच आजार, आणि इथे एका भारतीय डॉक्टरचं काम आवर्जून सांगायला हवं. डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती या देशातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ. ब्रह्मदेशात जन्मल्या, रंगूनला शिकल्या, पुढे इंग्लंड-अमेरिकेत शिकून दिल्लीच्या लेडी हार्डिंग रुग्णालयात आल्या. तिथे त्यांनी फुप्फुसांच्या आजारामुळे उजवं हृदय निकामी झालेले रुग्ण तपासले आणि १९५९ साली अशा १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य पुस्तकांत हा सिगारेट ओढणाऱ्या, वय झालेल्या पुरुषांचा आजार म्हणून नोंदलेला होता. दिल्लीत मात्र बायकाही तितक्याच होत्या. त्यांतल्या बहुतेकजणी सिगारेट ओढत नव्हत्या. लाकूड आणि शेणाच्या गोवऱ्यांवर, बंद खोलीत, रोज स्वयंपाक करत होत्या. पद्मावतींनी बोट चुलीच्या धुराकडे दाखवलं. घरातला धूर हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून जगात गाजायला त्यानंतर कित्येक वर्षं गेली. पुण्यात चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या फुप्फुसविकारावर लेख लिहिला, तेव्हाही चुलीचा धूर त्यांच्या मांडणीच्या मध्यभागी होता.

गॅस आला म्हणून चूल गेली असं आपण समजतो, पण खेड्यांत अनेक घरी चहा-भाजी गॅसवर होते आणि भाकरी चुलीवर. अंघोळीचं पाणी चुलीवर नाहीतर बंबात तापतं, आणि त्यात ओलं सरपण, तुराट्या, जे मिळेल ते जातं. सून पहाटे फुंकणीने जाळ धरते तेव्हा तिचा चेहरा त्या धुरापासून हातभर अंतरावर असतो, आणि लहान मूल बहुधा शेजारीच बसलेलं असतं. सिलिंडर पुन्हा भरायला पैसे नसले की धूर वाढतो. बाईच्या छातीच्या फोटोमागे हा हिशेब असतो, आणि तपासताना तो विचारलाच गेला पाहिजे.

धुराने फुप्फुसं बिघडली की दाब का वाढावा, याचं उत्तर १९४६ साली स्वीडनमध्ये उल्फ फॉन ऑयलर आणि योरान लिल्येस्ट्रांड यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. शरीरात इतरत्र ऑक्सिजन कमी पडला तर वाहिन्या रुंदावतात. फुप्फुसांत बरोब्बर उलटं, त्या आकसतात. ज्या भागात हवा पोचत नाही तिथे रक्त कशाला पाठवायचं, असा हा शहाणा बंदोबस्त आहे. न्यूमोनिया एका कोपऱ्यात असेल तर तो उपयोगी पडतो. पण सगळ्या फुप्फुसालाच ऑक्सिजन कमी पडला तर सगळ्याच वाहिन्या आकसतात आणि दाब चढतो. आकसणं वर्षानुवर्षं चाललं तर भिंती जाड होऊन तशाच राहतात. झोपेत श्वास अडकणाऱ्या, मोठ्याने घोरणाऱ्या लठ्ठ माणसालाही याच मार्गाने हा त्रास होऊ शकतो.

उंचावरही हेच घडतं. केदारनाथ समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांहून उंच आहे, लेहही तेवढंच. मुंबईहून विमानाने थेट लेहला उतरलं की पहिल्याच दिवशी धडधाकट माणसाच्याही फुप्फुसांतला दाब वाढतो, आणि काहींचा इतका चढतो की वायुकोशांत पाणी येतं. १९६२च्या चीन युद्धाच्या सुमारास सखल भागातून घाईने वर नेलेल्या जवानांत हे मोठ्या प्रमाणात दिसलं; लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर केलेला अभ्यास जगभर वाचला गेला. ज्याला आधीच फुप्फुसांचं बीपी आहे त्याने चारधामला निघण्यापूर्वी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाव नोंदवू नये. वर गेल्यावर धाप, कोरडा खोकला आणि ओठ निळे दिसले तर दर्शनासाठी थांबायचं नाही, लगेच खाली उतरायचं. ऑक्सिजनचं नळकांडं उतरेपर्यंतची सोय आहे, उतरण्याला पर्याय नाही.

ज्या प्रकाराबद्दल मला सर्वांत जास्त तळमळ वाटते, तो टाळता येण्याजोगा आहे. बाळाच्या हृदयाच्या दोन खालच्या कप्प्यांमध्ये मोठं भोक असेल तर डावीकडचं जास्त दाबाचं रक्त त्यातून उजवीकडे घुसतं आणि फुप्फुसांवर लोंढा येतो. बाळ दूध ओढताना थांबतं, कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो. या दिवसांत भोक बंद केलं तर मूल पूर्ण बरं होतं. मोठं भोक बहुतेकदा वर्षाच्या आतच बंद करायचं असतं. तसं झालं नाही तर फुप्फुसांच्या धमन्या त्या माऱ्याने जाड होतात. गंमत अशी की तेव्हा बाळ सुधारल्यासारखं वाटतं. लोंढा कमी झालेला असतो, धाप कमी होते, आईबाप सुटकेचा श्वास सोडतात. प्रत्यक्षात दाब वाढत वाढत डावीकडच्या बरोबरीला येतो, मग त्याच्यावर जातो आणि भोकातून अशुद्ध रक्त उलट दिशेने शरीरात जाऊ लागतं. ओठ आणि नखं निळसर होतात, बोटांची टोकं फुगतात. व्हिक्टर आयझेनमेंगर या ऑस्ट्रियन डॉक्टरने १८९७ साली अशा ३२ वर्षांच्या माणसाची हकीकत लिहिली, म्हणून हा आजार त्याच्या नावाने ओळखला जातो. या टप्प्यावर भोक बंद करणं घातक असतं, कारण उजव्या हृदयाला मोकळं व्हायला तीच एक वाट उरलेली असते. जे ऑपरेशन पहिल्या वर्षी मुलाला जीवदान देतं तेच पंधराव्या वर्षी त्याचा जीव घेऊ शकतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतात, आणि सापडलेल्या मुलांची हृदयशस्त्रक्रिया मोफत होते. पथकाने 'हृदयात आवाज आहे' अशी चिठ्ठी दिली तर 'मोठं झाल्यावर बघू' म्हणून ती कपाटात ठेवू नका.

रक्ताच्या गुठळ्यांचा गट तुलनेने लहान, पण विसरला जाणारा. पायातली गुठळी फुप्फुसात जाऊन अडकते. बहुतेकांची विरघळते, काहींची भिंतीला चिकटून दोरीसारखी घट्ट होते. हा एक गट ऑपरेशनने मुळापासून बरा होऊ शकतो. शरीर १८-२० अंशांपर्यंत थंड करून, रक्ताभिसरण वीसेक मिनिटं पूर्ण थांबवून, शल्यविशारद धमनीच्या आतलं अस्तर गुठळीसकट सोलून काढतात. म्हणून फुप्फुसांचं बीपी निघालेल्या रुग्णाचा हवा आणि रक्त यांचा मेळ दाखवणारा स्कॅन एकदा व्हायला हवा, पायाला सूज आल्याचं आठवत नसलं तरी.

आणि मग तो गट, ज्यात धमन्या स्वतःच आजारी पडतात. हा विरळा आहे आणि तरुण स्त्रियांत जास्त दिसतो. काही घराण्यांत तो चालत येतो. २००० साली त्यामागचा एक जनुक सापडला. काहींत तो ल्युपस किंवा त्वचा ताठ करणाऱ्या स्क्लेरोडर्मासोबत येतो. विदर्भ आणि नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या रुग्णांतही फुप्फुसांतला दाब वाढू शकतो, कारण फुटलेल्या लाल पेशींतून बाहेर आलेलं हिमोग्लोबिन वाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड शोषून घेतं. काहींना हा आजार औषधाने दिला. १९६५मध्ये स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि पश्चिम जर्मनीत अॅमिनोरेक्स नावाची भूक मारणारी गोळी आली. दोन-तीन वर्षांत तिथल्या दवाखान्यांत या दुर्मीळ आजाराचे रुग्ण एकदम कितीतरी पटींनी वाढले आणि १९६८मध्ये गोळी मागे घेतली गेली. त्या धक्क्यामुळेच १९७३ साली जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेने या विषयावरची पहिली बैठक बोलावली. तरीही पुढे फेनफ्लुरामिन हे त्याच जातीचं औषध वजन घटवण्यासाठी विकलं गेलं आणि १९९७मध्ये तेही परत घ्यावं लागलं. 'महिन्यात दहा किलो' म्हणून विकल्या जाणाऱ्या, आत काय आहे ते न सांगणाऱ्या पुड्या घेणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा.

मोजायचं कसं? पहिली पायरी इको. उजव्या झडपेतून उलट गळणाऱ्या रक्ताचा वेग यंत्र पकडतं आणि त्यावरून दाबाचा अंदाज बांधतं. आपल्याकडच्या रिपोर्टात 'माइल्ड पीएएच', म्हणजे फुप्फुसांतलं बीपी किंचित वाढलेलं, असं लिहून येतं, आणि ते वाचून कुणी घाबरतं, कुणी फाइल मिटतं. तो अंदाज असतो, काही वेळा चुकतो, आणि त्यातून कारण नेहमीच कळत नाही. खात्रीची मोजणी उजव्या हृदयात नळी नेऊनच होते. मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून, टोकाला छोटा फुगा असलेली नळी आत सोडतात. रुग्ण जागा असतो. पडद्यावर आधी उजव्या वरच्या कप्प्याच्या बुटक्या लाटा दिसतात. खालच्या कप्प्यात शिरताच उंच सुळके येतात आणि प्रत्येक सुळका शून्याजवळ येऊन टेकतो. मग नळी धमनीत निसटते: वरची टोकं तेवढीच राहतात, पण खालची रेषा एकाएकी वर उचलली जाते. ती रेषा किती वर थांबते याकडे खोलीतल्या सगळ्यांचं लक्ष असतं. सरासरी २० मिलिमीटरच्या वर गेली तर आजार ठरतो. पूर्वी ही मर्यादा २५ होती. शेवटी फुगा फुगवून एक फांदी क्षणभर बंद करतात. पलीकडून येणारा दाब हा डाव्या हृदयाचा दाब. तो १५पर्यंतच असेल तर दोष फुप्फुसांच्या वाहिन्यांत, त्याहून जास्त असेल तर डाव्या हृदयाकडे बघायचं. 'कशामुळे?' या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग या एका आकड्यात असतो.

हृदयात अशी नळी नेण्याची सुरुवात एका धाडसातून झाली. १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे इथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने आपल्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि चालत जाऊन एक्स-रे काढून घेतला. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात कुर्नां आणि रिचर्ड्स यांनी त्यातून रीतसर तपासणी घडवली; तिघांना १९५६चं नोबेल मिळालं.

उपचारांची गोष्ट मुख्यतः गेल्या तीस वर्षांतली. १९८०च्या दशकातल्या अमेरिकेतल्या नोंदीनुसार मूळ धमन्यांच्या आजारात निम्मे रुग्ण निदानानंतर तीन वर्षंही जगत नव्हते. १९९५मध्ये सतत शिरेतून द्यावं लागणारं एपोप्रोस्टेनॉल आलं, २००१मध्ये बोसेंटनची गोळी, आणि २००५मध्ये छातीदुखीसाठी शोधायला घेतलेलं, पण पुरुषांच्या लैंगिक दुबळेपणावरची 'व्हायग्रा' म्हणून जगप्रसिद्ध झालेलं सिल्डेनाफिल या आजारासाठी मान्य झालं. आईच्या किंवा बायकोच्या औषधांत ही गोळी पाहून घरचे गोंधळतात, केमिस्टकडे चौकशी करायला लाजतात, आणि क्वचित ती बंदही करतात. ती फुप्फुसांच्या धमन्या सैल करण्यासाठीच असते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती बंद करू नये. छातीत दुखलं म्हणून जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट मात्र तिच्यासोबत कधीही घ्यायची नाही, दंडावरचं बीपी धोकादायकरीत्या खाली जातं. २०२४मध्ये अमेरिकेत मान्य झालेलं सोटाटरसेप्ट तीन आठवड्यांनी एकदा टोचतात; वाहिन्या सैल करण्यापुरतं न थांबता ते जाड झालेल्या भिंतींच्या वाढीवरच काम करतं.

या धमन्यांच्या आजारात गरोदरपण आईच्या जिवावर बेतू शकतं, आणि बोसेंटनसारख्या गोळ्या गर्भाला इजा करतात. लग्न ठरलेल्या किंवा नुकत्याच झालेल्या मुलीच्या बाबतीत हे बोलणं सासर-माहेर दोन्हीकडे टाळलं जातं, आणि पाळी चुकल्यावर दवाखान्यात पहिल्यांदा निघतं. ते पहिल्याच भेटीत, तिच्याशी एकटीशी आणि नवऱ्यासमोरही, स्पष्ट व्हायला हवं. उपचार सुरू झाल्यावर रुग्णाची प्रगती बघायला दर काही महिन्यांनी रुग्णालयाच्या तीस मीटरच्या बोळात सहा मिनिटं चालवतात, बोटाला ऑक्सिजन मोजणारं यंत्र लावून, आणि किती अंतर झालं ते फाइलवर लिहितात. औषध लागू पडतंय की बदलायचं, हे ठरवताना डॉक्टर हे अंतर मागच्या वेळच्या अंतराशी ताडून बघतात.